१४ सेंटिमीटरनंतर तुटणारे केस: सांगलीतील एक प्रकरण

रुग्ण २७ वर्षांची. माहेर तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग. सासर कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातल्या एका गावात, सांगलीपासून अर्ध्या तासावर. लग्नाला आठ महिने झाले होते. सांगलीतल्या एका शाळेत शिकवते आणि रोज स्कूटीवरून ये-जा करते. जानेवारीच्या सुरुवातीला ती सासूबाईंना घेऊन दवाखान्यात आली.

"मॅडम, वेणी अर्धी झाली माझी. नुसता हात फिरवला तरी केस तुटालेत बघा."

सासूबाईंनी पुस्ती जोडली, "पाणी बदललं की केस जातातच हो. आमच्याकडं सगळं बोअरचं पाणी."

ओळख पटू नये म्हणून काही तपशील इथे बदलले आहेत. केसांविषयीचं सगळं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. हे प्रकरण इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण असं की, आमच्याकडे येण्याआधी या मुलीनं चार महिने चुकीच्या जागी उपचार घेतले होते. तिचा त्रास केसाच्या दांड्यात, म्हणजे त्वचेबाहेरच्या लांबीत होता आणि औषधं चालली होती मुळांसाठी.

पिशवीतले केस

"केस गळतात" ही तक्रार घेऊन माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं. त्यातल्या बहुतेकींचे केस खरोखरच मुळापासून सुटलेले असतात: बाळंतपणानंतर, टायफॉइड किंवा डेंग्यूच्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी, शरीरातलं लोह कमी झाल्यावर, थायरॉइड बिघडल्यावर. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसताच जागेवर बसून राहतो आणि शेवटी गळतो. निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० केस असे जातात. नियमानं गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ असते. बायका ती गाठ बघून "मुळासकट आला" म्हणून घाबरतात. खरं तर मूळ डोक्यातच राहिलेलं असतं आणि तिथून नवा केस येणार असतो.

या मुलीनं आठवडाभराचे केस एका पिशवीत जमवून आणले होते. टेबलावर पांढरा कागद पसरून मी ते मोकळे केले आणि भिंग घेऊन टोकं बघत गेले. काही तुकडे बोटभर, काही हातभर. गाठ असलेले केस अगदी थोडे, एवढे तर कुणाच्याही कंगव्यात सापडतात. बाकी सगळ्या तुकड्यांची वरची टोकं तुटलेली, बारीक धागे सुटल्यासारखी. डोक्यातून सुटलेला केस म्हणावा असं त्यांत काहीच नव्हतं.

मग डोकं तपासलं. भांग रुंदावलेला नव्हता, कुठे चाई नव्हती, टाळू स्वच्छ होती. चाळीस-पन्नास केसांची बट बोटांत धरून हळूच ओढली, दोनच केस आले. ही चाचणी मुळांची पकड सांगते आणि पकड उत्तम होती. त्यानंतर तीच बट दोन ठिकाणी धरून मधल्या भागाला हलका हिसका दिला. मुळाजवळच्या भागाला काही झालं नाही. खालच्या भागाला दिला तेव्हा माझ्या बोटांत तुकडे राहिले.

एवढ्यावर निदानाची दिशा ठरली. तरी आधीचे रिपोर्ट बघितले. हिमोग्लोबिन ठीक, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, जरा कमी. थायरॉइडचा रिपोर्ट विचित्र होता, लक्षणं काहीच नसताना थायरॉइड वाढल्यासारखे आकडे. विचारल्यावर कळलं की कुणाच्या तरी सांगण्यावरून ती रोज १० मिलिग्रॅम बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घेत होती आणि रक्त दिलं त्या सकाळीही गोळी घेतली होती. जास्त मात्रेतलं बायोटिन काही प्रयोगशाळांच्या थायरॉइड चाचणीत गोंधळ घालतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला आहे. गोळी बंद करून आठवड्यानं पुन्हा तपासलं तर सगळं व्यवस्थित. केसांसाठी बायोटिन घेणारी बाई रक्त तपासायला जाते तेव्हा तिला हे विचारलंच पाहिजे. नाहीतर नसलेल्या आजाराची औषधं सुरू व्हायची.

फेरिटिनसाठी लोहाची गोळी दिली. पण तिला स्पष्ट सांगितलं की या गोळीनं तुटलेला केस जुळणार नाही.

दांड्यात काय असतं

केसाचा जिवंत भाग फक्त त्वचेखाली असतो. पेशी तिथे तयार होतात, केरॅटिन नावाच्या प्रथिनानं भरतात, कडक होतात आणि त्वचेबाहेर येईपर्यंत मेलेल्या असतात. बाहेरच्या केसाला रक्त नाही, नस नाही, म्हणून तो कापताना दुखत नाही. आणि याच कारणानं त्याला झालेली इजा भरूनही येत नाही. त्वचेवरचा ओरखडा आठ दिवसांत बुजतो, केसावरचा ओरखडा केस असेपर्यंत राहतो. तिनं कांद्याचा रस टाळूला चोळला, बायोटिन खाल्लं, बदाम भिजवून खाल्ले. यातलं काहीही दांड्यापर्यंत पोचायला रस्ताच नव्हता.

आपल्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतका. त्याचं सगळ्यात बाहेरचं आवरण क्युटिकल. चपट्या, पारदर्शक खवल्यांचे पाच ते दहा थर, एकावर एक सरकून बसलेले. एकेक खवला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाड. खवल्यांच्या मोकळ्या कडा टोकाच्या दिशेनं असतात. एक लांब केस दोन बोटांत धरा आणि बोटं मुळाकडून टोकाकडे ओढा, गुळगुळीत लागेल. उलट ओढा, अडकल्यासारखं होईल. ही अडकण खवल्यांच्या कडांची.

खवल्यांवर तेलकट पदार्थाचा एक अतिशय पातळ थर रासायनिक बंधानं पक्का जोडलेला असतो. त्यात १८-मिथिल आयकोसॅनॉइक आम्ल नावाचं मेदाम्ल मुख्य. निरोगी केसावर पाणी टिकत नाही ते यामुळे आणि दोन केस एकमेकांवरून न गुंतता सरकतात तेही यामुळेच. वरून लावलेलं तेल धुतलं की जातं, हा थर साध्या धुण्यानं जात नाही. ब्लीच मात्र तो काढून टाकतं. एकदा गेला की त्या केसावर तो पुन्हा तयार होत नाही.

क्युटिकलच्या आत कॉर्टेक्स. केसाची ताकद, रंग आणि ताण सोसण्याची क्षमता सगळी इथे. लांबट पेशी, त्यांत केरॅटिनचे तंतू, आणि रंग देणारे मेलॅनिनचे कण. तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे बंध दोन प्रकारचे धरले तर पुरे. हायड्रोजन बंध कच्चे, केस ओला झाला की सुटतात आणि वाळला की पुन्हा जुळतात. ओले केस रोलरवर गुंडाळून वाळवले की दिवसभर वळण राहतं ते या बंधांमुळे. गंधकाचे डायसल्फाइड बंध पक्के. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लातून ते तयार होतात, आणि केस जळताना जो उग्र वास येतो तो मुख्यतः या गंधकाचा. केस सरळ आहे की कुरळा, हे टिकवून ठेवण्यात या बंधांचा मोठा हात असतो. मधोमध कधी मेड्युला असतो, कधी नसतो. या प्रकरणात त्याचा संबंध नाही.

केसावर लिहिलेली तारीखवार नोंद

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. म्हणून कमरेपर्यंतच्या केसात पाच-सहा वर्षांचा काळ असतो: टाळूजवळचा भाग या महिन्याचा, टोक कॉलेजच्या दिवसांतलं. कोणत्या महिन्यात काय केलं हे नीट विचारलं तर प्रत्येक गोष्ट केसाच्या कोणत्या भागावर झाली ते पट्टी लावून सांगता येतं.

तिची हकिगत अशी. चौदा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरमध्ये साखरपुडा. त्याआधी तिनं मुळापासून टोकापर्यंत स्ट्रेटनिंग करून घेतलं. एप्रिलअखेरीस "टच-अप". मधल्या पाच महिन्यांत पाचेक सेंटिमीटर नवे केस आले होते, क्रीम तेवढ्यालाच लावायचं असतं. पण "सगळे एकसारखे दिसायला हवेत" म्हणून ते टोकापर्यंत ओढलं गेलं. मे महिन्यात लग्नाच्या आठवडाभर आधी ब्लीच करून तपकिरी हायलाइट्स, बाकीच्या केसांना रंग. लग्नानंतर रोज सकाळी शाळेच्या घाईत प्रेसिंग मशीन, तेही बरेचदा न्हाऊन आल्या आल्या, केस आत ओले असताना.

आता पट्टी लावली. टाळूपासून ८-९ सेंटिमीटर: एप्रिलनंतर आलेले, कोणतंही रसायन न लागलेले, तिचे मूळचे किंचित लाटेचे केस. त्यापुढे साधारण १४ पर्यंत: स्ट्रेटनिंग एकदा, त्यावर रंग. १४ च्या पुढे सगळं: स्ट्रेटनिंग दोनदा, त्यावर रंग किंवा ब्लीच.

आणि डोक्यावरचे तुटके खुंट मोजले तेव्हा १४ च्या आत तुटलेला केस शोधूनही सापडत नव्हता. १४ ते १८ च्या दरम्यान खुंटच खुंट, आणि त्याच्या खाली कुठेही, कशाही उंचीवर तुटलेले. बोअरच्या पाण्याचा प्रश्न मला इथेच सुटला. एकाच डोक्यावरचा एकच केस, तेच पाणी, तोच शाम्पू, तोच कंगवा, आणि ठराविक जागेपुढेच तुटतो. खुद्द सासूबाई गेली तीस वर्षं त्याच पाण्यानं न्हात आल्या आहेत आणि त्यांची वेणी अजून माझ्या मनगटाएवढी आहे. मी त्यांना हे म्हटलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "व्हय की. मी कधी हे असलं लावलं न्हाई."

स्ट्रेटनिंगच्या क्रीममध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं आणि ते अल्कधर्मी असतं. त्यानं केस फुगतो, खवले उघडतात, क्रीम आत जाऊन डायसल्फाइड बंध तोडतं. मग गरम पट्टीनं केस सरळ करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या न्यूट्रलायझरनं बंध पुन्हा जोडतात. सगळे बंध परत जुळत नाहीत. पहिल्या वेळी उरलेल्या बंधांवर केस निभावतो, म्हणून तिला साखरपुड्यानंतर काही जाणवलं नाही. त्याच जागेवर दुसऱ्यांदा क्रीम गेलं, आणि आठवड्याभरात ब्लीच. ब्लीचचं काम मेलॅनिन जाळण्याचं, पण ते मेलॅनिनपाशी थांबत नाही. नेहमीच्या ब्लीचमध्येही १५ ते २५ टक्के डायसल्फाइड बंध कायमचे जातात. सिस्टीनचं सिस्टेइक आम्ल होतं आणि ते परत फिरत नाही.

स्ट्रेटनिंग केलेल्या केसांवर ब्लीच करू नये, हे या धंद्यातल्या शिकलेल्या माणसाला ठाऊक असतं. लग्नसराईत ते पाळलं जात नाही. नवरीला महिन्याभरात सगळं हवं असतं आणि पार्लरलाही नाही म्हणवत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली

तिन्ही पट्ट्यांतले केस काचपट्टीवर घेतले. टाळूजवळच्या केसाच्या कडा स्वच्छ, खवल्यांच्या रेषा नियमित. मधल्या पट्ट्यात खवले जागोजागी उचललेले, काही ठिकाणी तुकडे गेलेले. १४ च्या पुढे लांबच लांब भागात खवले नव्हतेच, कॉर्टेक्स उघडं. आणि नुसत्या डोळ्यांना तिच्या केसांवर जे पांढरे ठिपके दिसत होते, ज्यांना ती लिखा समजून महिनाभर उवांचं औषध लावत होती, ते इथे मोठे होऊन दिसले. खवले गेलेल्या जागी कॉर्टेक्सचे तंतू फुलून बाहेर आलेले, जणू दोन ब्रश तोंडाला तोंड लावून एकमेकांत खुपसले आहेत. याला ट्रायकोऱ्हेक्सिस नोडोसा म्हणतात. लीख केसाला एका बाजूनं चिकटलेली असते, हा ठिपका केसाचाच भाग असतो आणि केस तिथेच तुटतो.

समोरच्या बटेतल्या काही केसांत आणखी एक गोष्ट होती: दांड्याच्या आत बुडबुडे. हे ओल्या केसावर प्रेस फिरवल्याचं काम. केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी आत घेतो. वरून पुसला तरी आतलं पाणी राहतं. त्यावर दीड-दोनशे अंशांची पट्टी फिरली की त्या पाण्याची आतल्या आत वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वेळ न मिळाल्यानं केस पोखरला जातो. मी तिला डोळा लावून बघायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिली आणि विचारलं, "चर्र आवाज यायचा, तो हाच का?" तोच.

शेवटी एक साधी गोष्ट केली. बट सपाट पसरून मुळाजवळच्या भागावर पाण्याचा थेंब सोडला, तो गोल राहिला. टोकाजवळ सोडला, तो लगेच पसरून आत शिरला. तेलकट थर कुठे आहे आणि कुठे गेला, हे त्या दोन थेंबांनी दोघींना माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. (केस पाण्याच्या ग्लासात टाकून तो तरंगतो की बुडतो ते बघायची एक चाचणी मोबाइलवर फिरते. तिच्यावर विसंबू नये, केसावर तेल किती आणि तो कसा टाकला यावरच ती बदलते.)

पाण्याचा काहीच दोष नव्हता असंही नाही. ऊसपट्ट्यातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. ब्लीच झालेल्या केसात सिस्टेइक आम्लामुळे ऋण भार वाढलेला असतो, म्हणून तो कॅल्शियम जास्त धरून ठेवतो आणि आणखी राठ होतो. ती अंगाचाच साबण केसांना लावत होती, तो या पाण्यात फेस न होता पांढरा थर बनून केसांवर बसायचा. त्यावर उपाय म्हणून व्हिडिओत बघून खाण्याचा सोडा, आणि सोडा अल्कधर्मी, म्हणजे पुन्हा केस फुगणं, खवले उघडणं. आधीच मोडलेल्या केसावर पाण्यानं भर घातली. मोडलं दुसऱ्यानं.

"केराटिन करून घेऊ का?"

ती खरं तर हेच विचारायला आली होती. पार्लरमधल्या ताईंनी सांगितलं होतं, केसातलं केराटिन संपलंय, ते भरून घ्या.

मी नको म्हटलं आणि कारणं सांगितली. केराटिनचा अख्खा रेणू मोठा असतो, तो केसाच्या आत जात नाही. त्याचे बारीक तुकडे केलेलं प्रथिन थोडंफार शिरतं, काही धुण्यांत निघून जातं. केराटिन ट्रीटमेंटमध्ये केस सरळ होतो तो केराटिननं नव्हे, तर फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लायऑक्झिलिक आम्ल आणि दोनशेच्या वर तापवलेल्या पट्टीनं. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून मान्य झालेलं आहे. ग्लायऑक्झिलिक आम्लाबद्दल २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची हकिगत छापून आली: केस सरळ करून घेतल्यानंतर तीन वेगवेगळ्या वेळी तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, आणि वापरलेल्या क्रीममध्ये हे आम्ल १० टक्के होतं. बुडबुडे आलेल्या केसावर पुन्हा तेवढी उष्णता घालणं मला पटत नव्हतंच, पण मूत्रपिंडाचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग विषयच सोड." तो तिथेच संपला.

काय केलं

कापणं हा खरा उपाय होता. १४ सेंटिमीटरच्या पुढचा केस कधी ना कधी तुटणारच होता. आपण कापला तर सरळ तुटतो, आपोआप तुटला तर फाटा वर चढत जातो. पण आठवड्यावर संक्रांत, लग्नानंतरची पहिली. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाला सगळी भावकी येणार. केस खांद्याच्या वर कापा म्हणणं सोपं, पण त्या घरात ते सांगायला तिलाच उभं राहायचं होतं. म्हणून टप्पे ठरवले. लगेच फक्त खालचे १५ सेंटिमीटर. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू उरकेल, मग खांद्याच्या जरा खाली. आणि पुढे नवे केस येतील तसं उरलेलं. संक्रांतीला लांब वेणी हवी म्हणून गंगावन लावायचा बेत होता, तो मात्र मी मोडला. गंगावनाचं वजन त्याच मोडक्या केसांवर लोंबकळणार होतं. सैल अंबाडा, त्यावर जाळी आणि हलका गजरा, एवढं ठरलं.

प्रेस पूर्ण बंद. सोडा, साबण, कांद्याचा रस, उवांचं औषध बंद.

धुणं आठवड्यातून दोनदा, सौम्य शाम्पूनं, तोही टाळूपुरता. खाली ओघळणारा फेस केसांना पुरतो. सासूबाईंची शिकेकाई-रिठ्याची पूड चांगलीच, पण खवले गेलेल्या केसावर पूड चोळली की तिचे कण घासतात. म्हणून वापरायची तर रात्री भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून. शेवटची एक बादली बोअरची न घेता, प्यायला येणाऱ्या नळाच्या पाण्याचे चार तांबे बाजूला ठेवायचे.

न्हाण्याआधी तासभर खोबरेल तेल, टाळूला थोडं आणि खालच्या लांबीला व्यवस्थित. घरात ते चालूच होतं, पण न्हाल्यावर. खोबरेलातल्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मं लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यानं तो केसाच्या आत शिरतो. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून प्रसिद्ध केलं, त्यात केसातून प्रथिन धुऊन जाणं खोबरेलानंच लक्षणीय कमी झालं. आधी तेल लागलेला केस पाण्यात कमी फुगतो, आणि दर धुण्यातलं फुगणं-आकसणं हाच मोडक्या केसाचा मोठा त्रास.

शाम्पूनंतर कंडिशनर प्रत्येक वेळी. हा मुद्दा मला तिघांचौघांना पटवावा लागतो, तसा तिलाही. कंडिशनरमधल्या रेणूंवर धन भार असतो आणि मोडक्या केसावर ऋण. म्हणून तो जिथे जास्त मोडलंय तिथेच जास्त चिकटतो. सिलिकॉन असलेला चालेल का, असं तिनं घाबरत विचारलं. चालेल. गेलेल्या तेलकट थराच्या जागी एक तात्पुरता थर बसतो, केस केसावरून सरकतो, कंगवा अडकत नाही. यानं केस बरा होत नाही, तुटणं लांबतं, आणि नवे केस यायला तेवढा वेळ मिळतो.

न्हाल्यावर पंचा पिळून त्याचे केसांवर फटके मारायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ओला केस आधीच सैल असतो, ताणला की सहज लांबतो आणि मर्यादेपलीकडे गेला की तुटतो. पंचा नुसता गुंडाळून ठेवायचा. गुंता मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर येत सोडवायचा. फणी कपाटात. रबरबँड ऐवजी कापडी. स्कूटीवर ती सुती स्कार्फ घट्ट बांधून वर हेल्मेट घालायची, रोजचा तासभर घासणं. आतून साटीनचा तुकडा शिवून घ्यायला सांगितला. हे सासूबाईंनी त्याच दिवशी घरी जाऊन केलं.

पुढं काय झालं

सहा आठवड्यांनी आली तेव्हा पुन्हा पिशवी आणली होती. तुकडे निम्म्याहून कमी, गाठवाले केस होते तेवढेच. दुसरी कापणी झाली होती. घरात काही बोलणी बसली का, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं की हळदीकुंकवाला एका जावेनं टोकलं आणि सासूबाईंनी उत्तर दिलं, "डॉक्टरांनी सांगितलंय."

उन्हाळ्यात एकदा तुटणं वाढलं. माहेरी द्राक्षबागेवर महिनाभर होती, उघड्या डोक्यानं उन्हात. अतिनील किरण केसातल्या प्रथिनांना आणि मेलॅनिनला झिजवतात, आणि ब्लीच केलेल्या केसात रक्षण करायला मेलॅनिन उरलेलंच नसतं. डोक्यावर सैल ओढणी, एवढंच वाढवलं.

तिच्या परवानगीनं मी पार्लरमधल्या ताईंशी फोनवर बोलले. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. त्यांना क्रीमच्या डब्यावरची वेळ माहीत होती, पण एकदा क्रीम लागलेल्या भागावर ते पुन्हा ओढू नये याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या प्रत्येकीला गेल्या दोन वर्षांत काय काय लावलं ते विचारतात, वहीत लिहितात, आणि आधी मागच्या एका बटेवर करून बघतात. लांब केसांत वर्ष-दोन वर्षांपूर्वी क्रीम लागलेला भाग अजून शिल्लक असतो, म्हणून दोन वर्षं हा आकडा मीच सुचवला.

सप्टेंबरात, गौरी-गणपती झाल्यावर तपासलं तेव्हा टाळूपासून १७ सेंटिमीटर तिचे स्वतःचे, मऊ लाटेचे केस होते. त्यापुढे पाचेक सेंटिमीटर एकदा स्ट्रेटनिंग झालेले, आणि टोकाला दोन-तीन बोटं ब्लीचचा उरलेला भाग. लांबी खांद्यापर्यंत. हिसक्याच्या चाचणीत फक्त टोकं तुटली. फेरिटिनही वर आलं होतं.

डिसेंबरात नणंदेचं लग्न आहे आणि तिला केस रंगवायचे आहेत. शुद्ध मेंदी लावायला माझी हरकत नाही, तिचा रंग केरॅटिनला धरतो आणि बंध तोडत नाही. "काळी मेंदी" म्हणून पुडीत मिळते ती नको, तिच्यात बहुधा पीपीडी हे रंगाचं रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी डोळे बंद होण्याइतकी सुजवू शकते. पण ब्लीच झालेल्या टोकांवर शुद्ध मेंदीही भडक नारिंगी चढेल, हे सांगितल्यावर तिनं ती टोकं नोव्हेंबरात कापून मगच मेंदी लावायचं ठरवलं. पुढची तपासणी दिवाळीनंतर.